पायऱ्या नसलेलं दार

१

या उन्हाळ्यात मला राष्ट्रीय उद्यानात नोकरी लागली ती पाव भाजायची. कॉलेजातली बाकीची मुलं तिथं पायवाटांवर आडवी पडलेली झाडं कापत होती, तंबूंच्या मैदानावरचे कचऱ्याचे डबे उपसत होती. मी रोज सकाळी नऊ वाजता लांब घागरा आणि पांढरं एप्रन चढवून टिझर्डांच्या घरातली चूल पेटवायची. उद्यान झालं तेव्हा सायलस कोव्ह गावातली सात घरं उठवली होती. सहा पाडली आणि एक, टिझर्डांचं, दाखवायला ठेवलं. त्या घरात अजून कोणी राहतंय असं नाटक करायला दर उन्हाळ्यात एक विद्यार्थिनी लागते. यंदा ती मी होते.

पर्यटक यायचे, कणीक कशी मळतात ते बघायचे, काकवी घातलेल्या पावाचा तुकडा खायचे आणि मी बोलायला लागले की एकमेकांकडे बघून हसायचे. आमचं न्यूफाउंडलंडचं बोलणं त्यांना फार गोड वाटतं. आमचे केंड्रिक साहेब ओंटारियोचे, म्हणजे बाहेरचेच. पहिल्याच दिवशी म्हणाले, “ग्लेनिस, तू फक्त तुझ्या आईसारखी वाग. दुसरं काही करायला नको.”

माझी आई मार्चमध्ये गेली होती. साहेबांना ते माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

खरं म्हणजे आईमुळंच ही नोकरी मी धरली होती. सेंट जॉन्सला याहून बरं काम मिळत होतं. पण आमचं शोल पॉइंट उद्यानाच्या हद्दीला लागूनच आहे, आणि तिथं बाबा एकटे होते. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती. त्यांना उजेड कळायचा, सावली कळायची, माणूस कळायचा नाही. माणूस ते दाराच्या कडीवरून ओळखायचे. कडी एकदम वर उडाली की शेजारचे अँब्रोज काका, दोनदा अडखळली की गिल्लीबाईंचा थोरला. रोज संध्याकाळी मी पिकअप घेऊन घरी यायची, तेव्हा मी पडवीत पाय ठेवायच्या आत आतून आवाज यायचा, “आलीस का, पोरी?”

सप्टेंबरात मी परत कॉलेजला जायचं की नाही, हा प्रश्न आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवल्यासारखा असायचा. आम्ही त्याच्या आजूबाजूनं जेवायचो.

आता त्या दाराचं सांगते. आमच्याकडं घराला समोर एक दार असतं आणि त्याला पायऱ्या नसतात. दार माझ्या छातीइतक्या उंचीवर, सरळ हवेत उघडणारं. माणसं जातात-येतात ती मागच्या पडवीतून, थेट स्वयंपाकघरात. समोरचं दार उघडतं ते घरातून मयताची पेटी बाहेर काढायची असते तेव्हा. मग खाली चार माणसं हात वर करून उभी राहतात. आईला तसंच काढलं. टिझर्डांच्या घरातलं दारही तसंच होतं, आणि केंड्रिक साहेबांनी त्याच्यावर आतून, माझ्या तोंडासमोर येईल असं, दोरीनं एक पुठ्ठा टांगला होता: ‘कृपया या दाराचा वापर करू नये.’

“साहेब, वापरायचं तर पंख लागतील,” मी म्हटलं होतं.

२

पहिल्यांदा वाजलं ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. बाहेर धुकं इतकं होतं की खिडकीतून विहीरसुद्धा दिसत नव्हती. सकाळपासून एक पर्यटक फिरकला नव्हता. मी कोपरापर्यंत कणकेत हात घालून उभी होते आणि समोरच्या दारावर टकटक झाली. दोन, आणि थोडं थांबून एक.

इथं एक गोष्ट कळायला हवी. आमच्याकडं कोणी टकटक करत नाही. टकटक करतात पोलीस, पाद्री आणि दुरून आलेली माणसं. बाकीचे कडी उचलतात, आत येतात, दिवाणावर बसतात, मनात असलं तर बोलतात. तेव्हा टकटक म्हणजे पर्यटक, हे मला बघावं लागलं नाही. आणि समोरच्या दारावर कोणी आलं की लहानपणापासून आम्ही सगळे जे ओरडतो तेच मी मान न वळवता ओरडले.

“मागून ये रे! तिथून कोणी येतं का?”

मी हात धुतले, केटली पुढं ओढली. कोणी आलं नाही. पाच मिनिटं गेली. मी एप्रनला हात पुसत समोरच्या खोलीत गेले. पुठ्ठा अजून हलत होता, हळूहळू, दोरीवर डावीकडून उजवीकडे. दाराच्या वरच्या फळीवरच, बाहेरून कोणी हात मारल्यासारखा.

मी मागून वळसा घालून बाहेर गेले. दाराखालचं गवत गुडघाभर वाढलेलं, दवानं जड झालेलं आणि एकसारखं उभं. त्यात कोणी पाय ठेवला नव्हता. मी हात वर केला, टाचा उचलल्या, बोटं ताणली. माझा हात दाराच्या मधल्या पट्टीलाही पोचेना. वरची फळी तर कुठल्या कुठं.

तंबूच्या मैदानावरची पोरं वात्रट होती. लांब काठीनं वाजवून पळाली असतील. मी असंच ठरवलं. दोन दिवसांनी त्यातल्या एकाला दटावलंसुद्धा, तर तो माझ्याकडं बघतच राहिला. “धुक्यात? चार मैल चालत? तुझं दार वाजवायला?” तो म्हणाला. “तू इतकी देखणी नाहीस, ग्लेनिस.”

३

केंड्रिक साहेबांना विचारलं तर ते म्हणाले जुनं लाकूड ओलाव्यानं फुगतं आणि आवाज करतं. फुगलेलं लाकूड दोन ठोके देऊन थांबतं आणि मग तिसरा देतं का, हे मी विचारलं नाही. शहाण्या माणसानं दिलेलं कारण घ्यावं आणि गप्प बसावं, मला तेव्हा कारण हवंच होतं.

आठवड्याभरानं पुन्हा वाजलं. या वेळी मागं.

दुपारचे दोन वाजले असतील. धुकं उघड्या पडवीतून आत शिरलं होतं. पावाचा दुसरा घाणा भट्टीत होता आणि मी खिडकीशी बसून मोज्याला टाका घालत होते. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारावर टकटक झाली. दोन, आणि थोडं थांबून एक.

“उघडंच आहे!” मी म्हटलं.

पुन्हा टकटक.

मला वैताग आला. कोणीतरी लाजाळू टोरांटोवाला, दुसरं कोण. त्याला आमच्या पद्धतीनं जरा मोकळं करावं म्हणून मी तेच म्हटलं, जे माझी आई प्रत्येक बुजऱ्या पाहुण्याला म्हणायची आणि मग पाहुणा हसत आत यायचा.

“टकटक कसली करतोस रे? परका आहेस का तू? या घरात कोणी टकटक करत नाही. तुला हवं तेव्हा ये आणि बैस.”

पर्यटक हसला नाही, आत आला नाही, माफी मागितली नाही. मला वाटलं कोणीतरी दाराच्या त्या बाजूला उभं राहून माझं बोलणं नीट ऐकून घेतंय, लक्षात ठेवतंय. मी मोजा खाली ठेवला, जाऊन दार उघडलं. पडवीत धुकं होतं आणि दारामागचा झाडू होता. फक्त छताच्या आढ्याला टांगलेली वाळक्या माशांची माळ, जिचा पर्यटकांनी फोटो काढण्यापलीकडं काही उपयोग नव्हता, ती एका बाजूला सरकली होती. तिच्याखालून जाताना कोणीतरी डोक्यानं बाजूला केल्यासारखी. मला ती उतरवायला स्टूल लागायचं.

त्यानंतर त्या घरात एकदाही टकटक झाली नाही. मला भीती वाटायला हवी होती तेव्हा बरं वाटलं.

४

जुलैच्या मध्यावर उद्यानानं जुन्या रहिवाशांचा दिवस ठेवला. म्हणजे ज्यांना उठवलं त्यांनाच बसमधून आणायचं, त्यांच्याच चुलीवरचा चहा पाजायचा आणि फोटो काढायचे. सहा-सात म्हातारी माणसं आली. त्यातली एक मिली टिझर्ड, याच घरात जन्मलेली. आमच्याकडं म्हातारी बाई म्हणजे मावशी, नातं असो नसो. मिली मावशी दिवाणावर बसली, चहात डब्याचं दूध ओतलं, पाव चाखून म्हणाली, “काकवी कमी पडलीय, पण खाईन.”

“साहेबांनी मोजून दिलीय, मावशी.”

“साहेबांनी! आता पावालाही सरकारी मोजमाप.” ती खळखळून हसली.

मग बोलता बोलता मी, माझं मलाच हसत, समोरच्या दाराची गंमत सांगितली. वाटलं तीही हसेल. तिनं कप बशीत ठेवला.

“समोर वाजलं तेव्हा तू काय म्हणालीस?”

“मागून ये म्हटलं. काय म्हणणार?”

“आला?”

“मागं वाजलं, पण नंतर. आठवड्यानं.”

“आणि तेव्हा?”

मी सांगितलं. आईची ओळ तिच्याच सुरात म्हणून दाखवली. मिली मावशी माझ्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण लहान मुलाच्या हातात सुरी बघतो तसं काहीतरी होतं.

“तू राहतेस कुठं, पोरी?”

“शोल पॉइंटला. हेवर्ड शीअर्सची मुलगी मी.”

“घरी कोण?”

“बाबा. त्यांना दिसत नाही.”

ती उठली. अर्धा कप चहा तसाच राहिला. आमच्याकडची म्हातारी बाई चहा टाकून उठते हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दाराशी जाऊन तिनं माझा हात धरला.

“बोलावलंस तू, म्हणजे तो तुझ्या घरी येणार. आजपासून घरी टकटक करून आत जा. शेजाऱ्यांना सांग टकटक करायला. सगळ्यांना. बापाला सांग, जो टकटक न करता येईल त्याला बैस म्हणायचं नाही.”

“पण मावशी, तो काय...”

“मला विचारू नकोस. गाव उठवलं तेव्हा सगळे रडले. मी रडले नाही, एवढंच सांगते.”

बाहेर बसवाल्यानं हॉर्न वाजवला. ती सगळ्यांच्या आधी बसमध्ये जाऊन बसली होती.

५

स्वतःच्या घराच्या दारावर टकटक करायला हात उचलला तेव्हा मला कसंनुसं झालं. वाजवलं. आतून बाबांचा ताठ, चर्चमधला आवाज आला.

“कोण आहे?”

“मी. ग्लेनिस.”

“काय झालं? कोण गेलं?”

“कोणी नाही हो.”

मी आत गेले. ते टेबलाला धरून उभे राहिले होते, चेहरा पांढराफटक. आमच्या दारावर शेवटची टकटक मार्चमध्ये झाली होती, आणि ती पाद्र्याची होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगावं. मी काहीतरी बनवून सांगितलं. उद्यानात भुरटे चोर फिरताहेत, तुम्हाला दिसत नाही, सगळ्यांना टकटक करायला सांगा.

“अँब्रोजनं माझ्या दारावर टकटक करायची? चाळीस वर्षं एका बोटीत बसलो आम्ही. मी काय पोलीस ठाणं आहे?”

“थोडे दिवस, बाबा.”

“उद्या म्हणशील ओळखपत्र दाखवा.”

मी मात्र टकटक करत राहिले. चार दिवस. रोज आतून तोच ताठ आवाज, “कोण आहे?” आणि रोज जेवताना त्यांचं बोलणं थोडं कमी. पाचव्या दिवशी ते माझ्याकडं न बघता, म्हणजे माझ्या आवाजाकडं तोंड न करता म्हणाले, “तुला इथून जायचंय हे मला कळतं, पोरी. जायलाच हवं. पण जाईपर्यंत तरी पाहुण्यासारखी येऊ नकोस.”

सहाव्या दिवशी मी टकटक केली नाही. कडी उचलली आणि आत गेले. “आलीस का, पोरी?” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, मिली मावशीचं वय झालंय, एका म्हातारीच्या नजरेपायी मी आपल्या बापाला छळतेय. त्या दिवशी मला शांत झोप लागली. आज त्याच झोपेचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

६

जुलै संपता संपता मोरीत दोन कप दिसायला लागले.

“अँब्रोज काका आले होते वाटतं?”

“हो. तासभर बसला. बोलला नाही.” बाबांना ते आवडलं होतं. “आपली माणसं बोलतात कुठं!”

दुसऱ्या दिवशीही दोन कप. तिसऱ्या दिवशीही. त्यातला एक नेहमी भरलेला, वर गार चहाची साय. चौथ्या दिवशी मला दुकानात अँब्रोज काकांची बायको भेटली. काका दहा दिवस झाले कॉर्नर ब्रुकला मुलीकडं होते, गुडघ्याच्या ऑपरेशनला.

मी घरी आले आणि बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

“मग अँब्रोज नसेल.”

“मग कोण?”

“आपलाच कोणीतरी. टकटक न करता येतो, म्हणजे आपलाच.”

“कडी कशी वाजते त्याची?”

बाबा विचारात पडले. ज्या माणसाला सगळं गाव कडीवरून ओळखता येतं त्याला या प्रश्नावर विचार करावा लागला.

“नाही वाजत,” ते म्हणाले. “तेवढंच जरा.”

“बाबा, उद्या आला तर त्याला जा म्हणा.”

“घरात बसलेल्या माणसाला?” ते असे दचकले, जणू मी त्यांना शिवी द्यायला सांगितलं होतं. “तुझ्या आईनं कधी कोणाला जा म्हटलं होतं?”

नव्हतं म्हटलं. मीही आयुष्यात कोणाला म्हटलेलं नाही. आमच्याकडं ते वाक्यच नाही.

७

बारा ऑगस्टला मी साडेअकरालाच चूल विझवली. दारावर ‘बंद’ची पाटी लावली, घागरा-एप्रनसकट पिकअपमध्ये बसले आणि आठ मैल धुक्यातून दिवे लावून आले. साहेबांना काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं. गाडी मी अँब्रोज काकांच्या वळणावरच सोडली, म्हणजे आवाज जाऊ नये. मागच्या दारानं गेले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले.

खिडकीतून टेबल दिसतं, बाबांची खुर्ची दिसते आणि दिवाणाचा फक्त पुढचा भाग. बसलेल्याचं धड आणि डोकं भिंतीआड राहतं. बाबा खुर्चीत पुढं वाकून बोलत होते. हसत होते. आई गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. काचेतून शब्द कळत नव्हते. त्यांनी चाचपडत भरलेला कप टेबलाच्या कडेपर्यंत सरकवला, दिवाणाच्या बाजूला.

दिवाण बुटका आहे, मोडक्या स्प्रिंगचा. त्यावर बसलं की मी जवळजवळ जमिनीला टेकते.

दिवाणावर गुडघे होते. दोन, जवळजवळ ठेवलेले, कसल्यातरी गडद, ओल्या कापडाखाली. आणि ते टेबलाच्या पातळीच्या वर आले होते. कपाच्याही वर. बाबा त्या गुडघ्यांच्या पार वर कुठंतरी बघून बोलत होते, आवाज जिथून येतो तिथं. वर, छताकडं.

मी किती वेळ उभी होते माहीत नाही. फार नसेन. मग मी धावत वळसा घातला, पडवीत बादलीला लाथ बसली, कडी वर उडाली, आत शिरले. बाबा एकटे होते. दिवाणाची गादी मधोमध खोल दबलेली होती आणि मी बघत असताना हळूहळू वर येत होती.

“आलीस का, पोरी? इतक्या लवकर?” बाबा म्हणाले. “आत्ता इथं होता. चुकामूक झाली तुमची.”

“कुठून गेला? मी मागून आले.”

“समोरून.”

समोरच्या खोलीत पडदे ओढलेले असतात. आईच्या वेळी उघडलेलं दार बाबांनी नंतर बंद करून फटीत चिंध्या कोंबल्या होत्या आणि वर बोटीला लावून उरलेला हिरवा रंग थापला होता, वारा यायला नको म्हणून. आता तो रंग फटीतून नीट, सुतारानं कापावा तसा कापलेला होता. चिंध्या घडी करून कोपऱ्यात रचल्या होत्या. त्यातली आईच्या झग्याची बाही सगळ्यात वर. दार अर्धं उघडं होतं आणि बाहेर, खाली, धुकं होतं.

मी ते लोटून बंद केलं आणि पाठ लावून उभी राहिले. बाबा भिंतीला हात लावत लावत खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आले.

“मी म्हटलं त्याला, कशाला उघडतोस, थंडीचा वारा येईल. म्हणाला, लागणार आहे.”

“बोलला तो?”

“आज पहिल्यांदाच.”

“कधी लागणार आहे?”

बाबांनी उंबऱ्यावरची धूळ पायानं बाजूला केल्यासारखं केलं. मला तेव्हा कळलं की त्यांना सगळं कळतंय. कदाचित पहिल्या कपापासून कळत होतं.

“मी सांगितलं, पोरगी सप्टेंबरात कॉलेजला जाईल. तोवर थांब. तिला ते बघायला नको.” ते हलकेच हसले. “थांबतो म्हणाला. समंजस आहे.”

८

मी सप्टेंबरात गेले नाही.

दार मी दहा खिळे मारून बंद केलं. दुसऱ्या दिवशी दहाही खिळे, सरळ करून, टेबलावर बशीत ठेवलेले होते. पुन्हा मारले नाहीत. मिली मावशीला फोन केला. तिनं एवढंच विचारलं, “बसतो का?”

“रोज बसतो.”

“मग त्याला जा म्हणता यायचं नाही, पोरी. बोलावणं आपलं होतं.”

आता नोव्हेंबर आहे. मी घरातच असते, त्यामुळं तो फक्त मी स्वयंपाकघरातून हलले, विहिरीवर किंवा दुकानात गेले की येत असावा. मी परत येते तेव्हा गादी वर येत असते. मी त्याचा चेहरा बघितलेला नाही आणि बघायचाही नाही. बाबांची तब्येत चांगली आहे. डॉक्टर म्हणाले हृदय तरण्या माणसासारखं आहे. मला हसू आलं.

पण बाबा मला सोडत नाहीत. रोज एकच विषय. “माझ्यामुळं तुझं शिक्षण अडायला नको. तुझी आई मला काय म्हणेल?” हे ते अशा सुरात म्हणतात, जणू आईला लवकरच तोंड दाखवायचंय. परवा जेवताना म्हणाले, “जानेवारीत तरी जा. पाहुण्याला तरी किती ताटकळत ठेवायचं?” मी रागानं ताटली आपटली, मग रडले. ते माझ्या डोक्यावर हात फिरवत राहिले, आणि माझ्या बापाच्या मायेचीच मला इतकी भीती वाटावी, याचं मला जास्त रडू आलं.

विद्यापीठाचं पत्र आलंय. जानेवारीच्या सत्राला जागा आहे, महिनाअखेर कळवा.

मी खरं सांगायचं ठरवलंय, तर हेही सांगते. मी वीस वर्षांची आहे. मला जायचंय. या घरात केटली, खिडकी, धुकं आणि आंधळा बाप यांच्यात म्हातारं व्हायचं नाहीये मला. काल दुपारी बाबा खुर्चीत डुलक्या घेत होते. मी माझ्या खोलीत गेले, कपाटावरची बॅग काढली, पलंगावर ठेवली. नुसतं बघू म्हटलं, किती मावतंय. दोन स्वेटर घातले. चेन ओढली.

स्वयंपाकघरात दिवाणाच्या स्प्रिंगा करकरल्या. सावकाश, एकामागून एक, कोणीतरी खूप उंच माणूस गुडघ्यांवर हात टेकून उठावा तशा. मग छताच्या आढ्याला काहीतरी घासल्याचा आवाज झाला. खोलीच्या दारापलीकडं बाबांची खुर्ची मागं सरकली.

“निघायचं का?” बाबा म्हणाले. माझ्याशी नाही.

मी चेन उघडली. स्वेटर बाहेर काढले, बॅग परत कपाटावर ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. थोड्या वेळानं स्प्रिंगा पुन्हा करकरल्या, कोणी परत बसल्यासारख्या.

मग मी दिवाणाकडं न बघता स्वयंपाकघरात जाऊन केटली चढवली. कपाटातून कप काढले आणि टेबलावर ठेवल्यावर बघितलं, तर मी तीन काढले होते.